तंबू विकत घेतला म्हणून सुटी स्वस्त होत नाही

खिसापाकीट
कालच्या त्या पोस्टला गप्प बसून जाऊ द्यायचं ठरवलं होतं, पण खालच्या टाळ्या बघून राहवेना. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सारांश: चौघांचा तंबू घ्या, गाडीत टाका, शेजारच्या देशात शिरा, बुकिंग-बिकिंग काही नको, संध्याकाळ होईल तिथे मुक्काम. हॉटेलच्या पाव खर्चात आठवडा.

‘चौघांचा तंबू’ हे बनवणाऱ्याचं गणित असतं. माणशी ५५-६० सेंमी रुंदी. म्हणजे कूस बदलायची तर चौघांनी आधी ठरवून. सामानाला जागा शून्य. दोन मोठी, दोन मुलं असतील तर सहा जणांचा, पुढे ओसरी असलेला तंबू लागतो. तो सहज १५-२० किलोला जातो आणि डिकी खातो. मग टपावर पेटी, मग पेट्रोल जास्त.

कॅम्पिंगच्या जागेचा दर ‘इतक्यापासून’ असा लिहिलेला असतो ना, तो बहुतेक वेळा दोन माणसं, एक गाडी आणि हंगामाबाहेरचे दिवस एवढ्याचाच. मुलांचे वेगळे, विजेचे वेगळे, काही ठिकाणी दर रात्री माणशी पर्यटक-कर. आता तंबू, गाद्या, स्लीपिंग बॅगा, शेगडी, दिवे यांची बेरीज करा आणि पुढच्या पाच वर्षांत त्यात खरोखर किती रात्री झोपणार त्याने भागा. वर्षाला सहा म्हणत असाल तर तीसने. येईल तो आकडा रोजच्या भाड्यात मिळवा आणि तुलना करा ती आधीच उभारून ठेवलेल्या भाड्याच्या तंबूशी. हॉटेलशी नव्हे.

आणि ‘संध्याकाळ होईल तिथे’? नॉर्वेत मोकळ्या रानात तंबू लावता येतो, वस्तीच्या घरापासून १५० मीटर लांब, साधारण दोन रात्री. समुद्र ओलांडून डेन्मार्कात गेलात की ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही लावता येत नाही. स्कॉटलंडात २००३च्या कायद्याने मुभा आहे, तीही पायी जाणाऱ्याला, गाडी रानात घालणाऱ्याला नाही. सीमेपलीकडे इंग्लंडात बहुतेक ठिकाणी मालकाला विचारावं लागतं. मुलं पेंगुळलेली, अंधार पडलेला, आणि रखवालदार टॉर्च घेऊन उभा. करा काटकसर.

मोकळं_आकाश
ती पोस्ट माझी नाही, पण एवढा कडवट सूर कशाला? नवंच घ्या असं कुणी म्हटलं? जुना तंबू घ्यावा, घेण्याआधी एकदा पूर्ण उभा करायला लावावा. शिवणीवरची आतली पट्टी सुटलेली नाही ना, फायबरचे खांब तडकलेले नाहीत ना, तळाला कुबट वास नाही ना, एवढं बघितलं की झालं. चेनचा धावक घसरत असेल तर दुरुस्त होतो. आतला लेप चिकट होऊन सुटत असेल तर फुकटही घेऊ नये.

आणि खरी बचत कुठे आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. शेजारच्या देशाच्या शाळांच्या सुट्या आपल्याच तारखांना असतात असं नाही. स्कॉटलंडच्या शाळा जूनच्या अखेरीस सुटतात, इंग्लंडच्या जुलैच्या उत्तरार्धात. मधले तीन आठवडे स्कॉटलंडच्या कुटुंबाला सीमेपलीकडे हंगामाआधीचा दर मिळू शकतो. जर्मनीत तर प्रत्येक राज्याची सुटी वेगळी. दोन्हीकडची वेळापत्रकं शेजारी ठेवा, तंबूच्या किमतीवर डोकं आपटू नका.

खिसापाकीट
तारखांचा मुद्दा बरोबर आहे. त्या तारखांना भाड्याचा तंबूही स्वस्त मिळतो, ते मात्र सोयीस्कर विसरलात.

फ्यूजवाला
तुमचं चालू द्या. पण विजेचे वेगळे पैसे भरतो त्याला आपण काय विकत घेतलं तेच माहीत नसतं. दरपत्रकात ६ अँपिअर लिहिलं असेल तर २३० व्होल्टवर १,३८० वॉट मिळाले, बस. घरची २,२०० वॉटची किटली लावली की ट्रिप, वीज गेली. वीज देणाऱ्या खांबाचा डबा कुलपात असेल तर चावी कचेरीत, आणि कचेरी सकाळी उघडणार. १,००० वॉटची छोटी किटली न्या. लिटरभर पाण्याला सहा-सात मिनिटं लागतात, कुणी मरत नाही.

वायर २५ मीटर, तीन तारांची, २.५ चौरस मिमी. दोन तारांची स्वस्तातली वायर म्हणजे अर्थिंगच नाही. युरोपात बहुतेक ठिकाणी निळा, तीन पिनांचा १६ अँपिअरचा प्लग चालतो. रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण सोडल्याशिवाय भार टाकू नये. आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही आणि आवरण वितळतं. गुंडाळलेल्या रिळाची कमी मर्यादा रिळावर छापलेली असते, वाचत कुणी नाही.

निळी_ज्योत
पाणी उकळायला रोज विजेचं भाडं? गॅसचा हिशेब मांडतो. वारा अडवलेला असेल तर लिटरभर पाण्याला १२-१५ ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे ४५० ग्रॅमच्या डबड्यात ३० लिटर. चौघांचं दिवसाला पाच लिटर धरा, सहा दिवस निघतात. वाऱ्यात उघड्यावर ठेवलंत तर हाच खर्च दुप्पट.

फक्त डबडं शेगडीला बसतं का ते निघण्याआधी बघा. आट्यांचं, दाबून बसवायचं क्लिकवालं आणि भोसकायचं, हे तीन प्रकार एकमेकांना चालत नाहीत आणि सीमेपलीकडच्या दुकानात कुठला मिळेल ते तुमच्या शेगडीला विचारून ठरत नाही. साधं भोसकायचं डबडं एकदा लावलं की रिकामं होईपर्यंत काढता येत नाही. विमानाने जाणार असाल तर डबडं हातातल्या किंवा दिलेल्या, कुठल्याच सामानात चालत नाही. तिथे उतरूनच घ्यावं लागतं.

थंडीत शुद्ध ब्यूटेन घेऊ नका. ते उणे अर्ध्या अंशाला उकळतं. गॅस बाहेर पडताना डबडं स्वतःच गार होतं, त्यामुळे बाहेर ५ अंश असले तरी ज्योत मिणमिणते. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या. आणि डबड्यावरच बसणाऱ्या शेगडीभोवती वारा अडवायचा पत्रा गुंडाळायचा नाही. डबडं तापतं.

मोकळं_आकाश
पाऊस आला की ही सगळी शास्त्रं गुंडाळून सगळे ओसरीत शेगडी पेटवतात. दार उघडं असलं की काही होत नाही.

निळी_ज्योत
‘काही होत नाही’ हे वाक्य मुलांच्या तंबूबद्दल लिहिताना हात थरथरायला हवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं प्रवासाचा शीण, आणि तो झोपतो. तंबूचं पॉलिएस्टर वितळून थेंबाथेंबाने अंगावर पडतं ते वेगळंच.

मोकळं_आकाश
मी ओसरी म्हटलं, झोपायची खोली नाही. वाचून भांडा.

निळी_ज्योत
वाचलं. ओसरी दोन्ही बाजूंनी उघडी, शेगडी कापडापासून हातभर लांब आणि सपाट जमिनीवर, झोपायच्या भागाची चेन बंद, मुलं त्या बाजूला नाहीत आणि भांडं उतरताच शेगडी बंद. एवढं पाळणार असाल तर घ्या, तुमचं बरोबर. कोळशाची शेगडी मात्र ओसरीतही नाही, विझलेलीही नाही. निखारे काळे दिसले तरी तासन्‌तास वायू सोडतात. ऊब हवी म्हणून ती आत ओढणं हा सगळ्यात वाईट प्रकार आहे.

फ्यूजवाला
किटली. नुसतं सांगतोय.

आठ_खुंट्या
ऊब हवी तर खालून घ्या ना. जाड हवेची गादी उबदार असते हा गैरसमज आहे. आतली हवा फिरते आणि अंगाची उष्णता जमिनीला देते. तिच्यावर बंद पेशींच्या (हवेचे बारीक बंद कप्पे असलेल्या) फोमची चटई टाका, खाली नव्हे. स्लीपिंग बॅगेच्या चिठ्ठीवर ‘कम्फर्ट’चा आकडा बघा, ‘एक्स्ट्रीम’चा जीव वाचवण्यापुरता असतो.

सकाळी छतावरून थेंब पडले की लोक तंबू गळतो म्हणून परत करायला धावतात. चौघांच्या श्वासातून आणि घामातून रात्रीत लिटरभर पाणी निघतं. वरची झडप बंद ठेवली तर ते कापडावरच जमणार. तंबूखाली अंथरलेलं प्लास्टिक तळापेक्षा चारी बाजूंनी थोडं आत हवं. कडा बाहेर राहिली तर पावसाचं पाणी गोळा करून तुमच्याच पाठीखाली आणते.

शंकासूर
मूळ विषयावर कुणी आहे का? सीमेवर काय काय लागतं?

खिसापाकीट
नशीब, कुणाला तरी आठवला. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र पासपोर्ट आणि व्हिसाचा नियम आधी बघायचा. आई किंवा वडील एकटेच नेणार असतील तर दुसऱ्याचं सहीचं संमतिपत्र. गाडीचा विमा पलीकडे चालतो का ते विमा कंपनीकडून लेखी. गाडी भाड्याची असेल तर सीमा ओलांडायची परवानगी करारातच हवी. ऑस्ट्रियात व्हिन्येट, म्हणजे महामार्गाच्या टोलचा पास, महामार्गावर चढण्याआधी. मांस, दूध, फळं, बिया यांचे नियम देशागणिक वेगळे, म्हणून पलीकडेच खरेदी करावी.

मोकळं_आकाश
आणि तंबू धुऊन, वाळवून न्या. ऑस्ट्रेलियातून न्यूझीलंडला जाणाऱ्याला वापरलेलं कॅम्पिंगचं सामान आणि बूट जाहीर करावे लागतात. खुंट्यांना माती किंवा तळाला गवताच्या बिया चिकटलेल्या सापडल्या तर तपासणीत वेळ जातो.

खिसापाकीट
तो धुवायला लागणारा वेळही तुमच्या पाव खर्चात धरा.

आठ_खुंट्या
धुवायचा तर साध्या पाण्याने आणि स्पंजने. कपड्यांची पावडर लावली तर वरचा पाणी-रोधक थर जातो, आणि मग खरंच गळेल.