सोलरच्या गरम पाण्यावर टॉवेलचा रेडिएटर चालेल का? फरश्या बसायच्या आधी सांगा

बोरीकाठ, अमळनेर

नमस्कार मंडळी. आईच्या खोलीला लागून असलेली जुनी मोरी फोडून तिथे बाथरूम करतोय. आई ८१ वर्षांची, गुडघ्यांत आणि बोटांत संधिवात. मे महिन्यात आपल्याकडे घर भट्टीसारखं तापतं हे खरं, पण पौषात पहाटे पारा दहाच्या खाली उतरला की अंघोळ करून आलेली आई थरथर कापते. "माले थंडी वाजस रे भाऊ" म्हणते आणि ओला टॉवेलच खांद्यावर ओढून घेते. श्रावणात तर टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाही.

मुलगी जर्मनीत असते. दिवाळीला येताना तिने टॉवेल वाळवायचा रेडिएटर सामानातून आणला. पांढरा, लोखंडी, शिडीसारख्या आडव्या नळ्या, ५० सेंटिमीटर रुंद आणि ८० उंच. खाली अर्ध्या इंची आट्यांची दोन भोकं, वर हवा काढायची बारीक चावी. स्टिकरवर ३८० वॅट आणि ७५/६५/२० असं छापलंय.

गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे. मिस्तरी म्हणतो, गरम पाण्याची लाइन या रेडिएटरमधून फिरवून पुढे गरम-गार मिक्सरच्या नळाला देऊ. भिंतीत झिरी पाडून झाली आहे, सीपीव्हीसी पाइप टाकायचा बाकी आहे. पाणी बोअरचं, बादलीवर पांढरा थर धरतं. देऊ का जोडून?

पानाफिटिंग, जळगाव

भाऊ, अजिबात जोडू नका. मी वीस वर्षं नळाचंच काम करतो.

तिकडे घर गरम करायचं पाणी आणि नळाचं पाणी वेगळं असतं. बॉयलरमधून निघालेलं तेच ते पाणी पंपाने रेडिएटरमध्ये फिरतं आणि परत जातं. त्या बंद पाण्यातला प्राणवायू सुरुवातीलाच लोखंडात खर्ची पडतो, मग गंज जवळजवळ थांबतो. वर गंजरोधक औषधही घालतात. तुमच्या सोलरमध्ये रोज टाकीतलं ताजं पाणी येणार, म्हणजे रोज नवी हवा. आतून रंग नसलेलं साधं लोखंड त्यात कुजतं, तांबूस पाणी आईच्या बादलीत पडेल आणि एक दिवस नळीला भोक पडेल. बोअरचे क्षार आडव्या नळ्यांत बसतील ते वेगळेच.

दुसरं असं की नळ उघडला तरच त्यातून पाणी वाहणार. तुम्हाला टॉवेल गरम हवा अंघोळीनंतर, आणि नळ बंद केला की ही शिडी गार व्हायला लागते. आपोआप पाणी फिरेल असं मिस्तरी म्हणत असेल तर तेही होत नाही. गरम पाणी वर चढतं. तुमची टाकी गच्चीवर आणि रेडिएटर खाली, म्हणजे परतीची लाइन आणि पंप लागणारच.

सोलरची लाइन सरळ मिक्सरला न्या. पाइप गरम पाण्याचाच, एसडीआर ११ चा, म्हणजे जाड भिंतीचा घ्या. मिक्सरच्या तोंडाशी पितळी आट्यांचे एल्बो लावा, प्लास्टिकच्या आट्या नकोत.

वायरमन_धुळे

पानाफिटिंग भाऊंचं बरोबर. पण वस्तू वाया घालवू नका. अशा रेडिएटरच्या खालच्या भोकात बसणारा विजेचा एलिमेंट मिळतो, थर्मोस्टॅटसह. दुसरं भोक बुचाने बंद करायचं. ३८० वॅट हा आकडा आत जाणारं पाणी ७५ अंश, बाहेर पडणारं ६५ आणि खोली २० अंश, असा धरलेला आहे; म्हणून एलिमेंट त्याहून कमी, ३०० वॅटचा घ्या. दोन तास चालला तरी ०.६ युनिट.

आत पाणी आणि गंजरोधक भरा, पण काठोकाठ नाही. तापल्यावर पाणी फुगतं, त्याला वर हवेची जागा ठेवा. रिकामा असताना चुकूनही चालू करू नका, एलिमेंट जळेल. अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) याशिवाय बाथरूममध्ये हे लावूच नका. शॉवरच्या फवाऱ्यापासून लांब, आणि स्विच बाहेरच्या भिंतीवर.

शहाद्याची_वहिनी

दादा, मी सासूबाईंसाठी बाथरूम केलं तेव्हाचं सांगते. घसरलेला माणूस हाताला लागेल ते धरतो. ही शिडी दिसायलाच दांड्यासारखी आहे, आई तिलाच धरतील. ती तापलेली असली तर म्हाताऱ्या कातडीला लगेच चटका बसतो, आणि ब्रॅकेटही माणसाचं वजन घेणार नाही. कमोडजवळ आणि दाराशी धरायचे स्टीलचे दांडे वेगळे लावा, पक्क्या विटेत. रेडिएटर दाराच्या आतल्या बाजूला, आईंचा हात आधाराला जाणार नाही अशा जागी.

आणि प्रेशर टेस्ट केल्याशिवाय एकही फरशी लावू देऊ नका. आमच्याकडे घाई झाली. चार महिन्यांनी पलीकडच्या खोलीत, देव्हाऱ्यामागे ओल आली आणि नवीन फरश्या फोडाव्या लागल्या.

बोरीकाठ, अमळनेर

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्तरीला तुमचे निरोप वाचून दाखवले. गच्चीवर टाकी आणि खाली रेडिएटर हा मुद्दा ऐकल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग स्वतःच म्हणाला, "नाना, लाइन सरळच नेऊ." एलिमेंट मागवलाय. वायरमनने अर्थिंगची वेगळी वायर ओढून दिली.

वहिनी, टेस्ट केली. सगळ्या तोंडांना बुच लावून हातपंपाने पाण्याचा दाब ७ किलोपर्यंत चढवला. तासाभरात काटा ५ वर. झिरीत बॅटरी धरून पाहिलं तर मिक्सरच्या गरम बाजूच्या पितळी एल्बोखाली विटेवर रुपयाएवढा ओला डाग. टेफलॉन टेप उलटी गुंडाळली होती, आटे आवळताना ती सुटून गोळा झाली होती. काढून पुन्हा बसवलं. काल रात्रभर ठेवलं, सकाळी सहाला पाहिलं तेव्हा काटा ७ वरच होता.

आईला खुर्चीवर बसवून दांड्याची उंची तिच्याच हाताने ठरवली. भिंतीवर पेन्सिलची खूण आहे. उद्यापासून फरश्या.