जिम लावावी की घरीच वजनं घ्यावीत? (वडगाव, बेळगाव. वय ४४)

नमस्कार मंडळी,

प्रश्न साधा आहे, खरं घरात चार माणसांची चार मतं झाल्यामुळं इथं लिहिते.

मी पतसंस्थेत कॅश काउंटरला असते. गेल्या पावसाळ्यात निपाणीला आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत येते. तिच्यावरनं डॉक्टरांनी मलाही डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करायला लावली. कण्याचा टी-स्कोअर उणे १.८ आला. उणे १ पर्यंत ठीक धरतात, उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की हाडं ठिसूळ झाली म्हणतात. म्हणजे मी मधेच लोंबकळतेय. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या आत्ताच नकोत. चालणं सोडू नका, खरं नुसतं चालून भागायचं नाही. वजन उचला." किती, म्हणून विचारलं तर "जड वाटेल इतकं" म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला.

हे घरी सांगितलं तर सासूबाईंचं म्हणणं, आठवड्यानं नळ येतो तेव्हा पंधरा घागरी तूच भरतेस की, अजून काय उचलायचं राहिलंय? खरं सांगायचं तर यावर मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर द्या.

काँग्रेस रोडच्या बाजूच्या एका जिममधे जाऊन आले. जागा स्वच्छ, एसी, आरसे. महिन्याला १२००, वर्षाचे एकदम भरले तर ९०००, मधे सोडलं तर परत मिळणार नाहीत. लेडीज बॅच सकाळी ११ ते ४, म्हणजे नेमकी मी काउंटरला असते तेव्हा! नोकरी करणाऱ्या बाईनं काय करायचं, तर सकाळी ६ ला नाहीतर संध्याकाळी ७ नंतर पोरांच्या गर्दीत यायचं. शिवाय मधे रेल्वे गेट. गेट पडलं की स्कूटर बंद करून उभं राहायचं. ट्रायलच्या दिवशी ट्रेनरनं मला दोन किलोची गुलाबी डंबेल्स दिली आणि अर्धा तास ट्रेडमिलवर सोडलं. "मॅडम, पोट कमी करायचंय ना?" नाही हो बाबा, हाडं वाढवायचीत म्हटलं. तो हसला. पोरगा वाईट नाही. ओंदु, एरडु, मूरु असं कानडीत मोठ्यानं मोजतो, गुडघा आत गेला की लगेच हटकतो. खरं त्याच्या डोक्यात बाई म्हणजे वजन कमी करणं, एवढंच बसलंय.

आता घरचं. आमच्याकडं खाली मागाची खोली आहे. सासऱ्यांच्या वेळचा खड्डामाग होता तिथं. माग कधीच गेला, खड्डा बुजवून वर शहाबादी फरशी घातली. सध्या तिथं तांदळाची पोती आणि गौरी-गणपतीच्या ट्रंका आहेत. माडी फळ्यांची, तिथं वजनं न्यायचा प्रश्नच नाही. नवरा उद्यमबागमधे टर्नर आहे. त्यानं ऐकल्या ऐकल्या जाहीर केलं, वजनाच्या प्लेटा विकत कशाला, फाउंड्रीतनं ओतून आणतो, लेथवर फेस मारतो, आयुष्यभराचं काम. तेव्हापासनं तो रोज जेवताना प्लेटांचं ड्रॉइंग काढतोय. मला भीती ही, की प्लेटा येतील आणि ट्रंकांच्या शेजारी जाऊन बसतील.

पैशाचा फार प्रश्न नाही. मी जन्मात कधी व्यायाम केलेला नाही, घरी चुकीचं उचलून पाठ धरली तर आईसोबत मीही वॉकरवर. आणि जिमला गेले तर गुलाबी डंबेल्स. कुणी दोन्ही करून बघितलंय काय?

*

जिमवाला पोरगा
ताई, जिमच लावा. घरी होत नाही. पैसे भरले की माणूस आपोआप जातो.

खानापुरी
वरच्यांना कोपरापासून नमस्कार. मी वर्षाचे भरून अकरा दिवस गेलो होतो. मग लॉकडाउनमधे घरी सेट घेतला: बेंच, रॉड, सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेटा. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. जूनमधे रॉडला गंज आला, जुलैत बेंचच्या रेक्झिनला बुरशी, ऑगस्टपासून त्या रॉडवर छत्र्या वाळत आहेत. दोन्हींचा अनुभव विचारलात म्हणून सांगितला, सल्ला काही नाही.

कॅम्पातली
मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमचा रिपोर्ट न बघता लिहितेय हे धरून वाचा.

आधी सासूबाईंचं उत्तर. घागर काल जेवढी होती तेवढीच आज आहे. हाडाला आणि स्नायूला जेवढ्या ओझ्याची सवय झाली, तेवढ्यासाठी ते नव्यानं काही बांधत नाहीत. ओझं हळूहळू वाढत गेलं पाहिजे, आणि घागर काही वाढत नाही. शिवाय ती आपण एका कमरेवर, वाकडं होऊन नेतो.

तुमच्या डॉक्टरांचं "जड वाटेल इतकं" हे उडवून लावण्यासारखं नाही. ऑस्ट्रेलियात लिफ्टमोर नावाचा एक प्रयोग झाला, २०१८ मधे छापून आलाय. पाळी गेलेल्या १०१ बायका, सगळ्यांची हाडांची घनता कमी. एका गटाला आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठ महिने चांगलं जड वजन उचलायला लावलं, पाच-पाच वेळा असे पाच सेट. दुसऱ्या गटाला घरी करायला हलका व्यायाम दिला. पहिल्या गटाच्या कण्याची घनता वाढली, दुसऱ्याची थोडी घटलीच. यावरून घर वाईट असं काढू नका. घरच्यांच्या हातात वजन हलकं होतं म्हणून तसं झालं. पण जड उचलणाऱ्या गटाच्या प्रत्येक सत्राला शिकवणारा समोर उभा होता, आणि सुरुवातीचे काही आठवडे अगदी कमी वजनावर फक्त पद्धत घोटून घेतली होती, हेही तितकंच महत्त्वाचं.

म्हणून माझं मत: वर्षाचे भरू नका. दोन-तीन महिन्यांचे भरा आणि त्या पोराला स्पष्ट सांगा की ट्रेडमिल नको, मला चार गोष्टी शिकव: वजन छातीशी धरून बैठक, जमिनीवरून बार उचलणं, डोक्यावर ढकलणं, आणि वाकून पोटाकडं ओढणं. पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकणं जमलं की निम्मं शिक्षण झालं. पाठीला पोक काढून वजन उचलणं आणि उताणं झोपून धड वर उचलायचे पोटाचे व्यायाम तुम्ही टाळा. कण्याच्या मणक्यांवर पुढून दाब येतो तो तुमच्या हाडांना नको. मोठा बार रिकामाच २० किलोचा असतो, बायकांचा १५ चा. तिथं त्याहून लहान बार आहे का ते विचारा.

उद्यमबागकर
वहिनी, साहेबांना सांगा ड्रॉइंग इकडं दाखवा म्हणून. मीपण फाउंड्रीतलाच. बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, घनता घन सेंटिमीटरला ७.२ ग्रॅम धरायची. १० किलोची प्लेट २५ मिमी जाड ठेवली तर व्यास २६७ मिमी येतो, ५ किलोची २० मिमी जाड तर २१२. ह्यात बोअर, म्हणजे मधलं भोक, २८ चा धरलाय. खरं बोअर आधी ठरवू नका! आधी बार विकत घ्या, त्याची जाडी व्हर्नियरनं मोजा, मग बोअर. घरगुती बार २५ ते २८ मधे कुठंही असतोय, जिमच्या मोठ्या बारचं टोक ५० मिमीचं. चुकलात तर लेथवर मोठं करता येतंय, बारीक कसं करणार?

बार मात्र घरी करू नका. साधा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) रॉड वाकतोय, आणि वाकला तर तुमच्या अंगावर.

अजून एक. गडीमाणूस असला की पहिल्यांदा दहा-वीसच्या प्लेटा ओततोय. तुम्ही सव्वा किलोच्या चार आधी करून घ्या. पोरं २० वरनं २५ ला उडी मारतात, तुम्हाला ती उडी पाठीत बसेल. दोन्हीकडं सव्वा सव्वा लावलं की अडीच किलोच वाढतंय. रेड ऑक्साइड मारून वर काळा पेंट, बारला महिन्यातनं एकदा मशीन ऑइलचं फडकं. खानापूरवाल्यांनीपण ऐकावं.

लाल माती
शहापूरच्या तालमीत माझं पोरपण गेलं. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघायला सायकलीवरनं जायचो. तेव्हा तालमीच्या उंबऱ्याच्या आत बाईमाणसानं यायची रीत नव्हती, ते काही फार अभिमानानं सांगत नाही. तुम्ही मुद्गल फिरवा असं सांगणार होतो, खरं वरच्या डॉक्टरीणबाईंचं वाचून गप्प बसतो.

एवढंच सांगतो, आम्ही काय फार शिस्तीचे होतो म्हणून पहाटे उठायचो नाही. एक दिवस चुकला तर वस्ताद चारचौघात विचारायचे, "काल कुठं मेला होतास?" त्या भीतीनं जायचो. जिम असो नाहीतर मागाची खोली, हे विचारणारं कोण आहे ते आधी बघा.

खानापुरी
फडकं फिरवलं. छत्र्या काढल्या. रॉड अजून सरळ आहे.

जिमवाला पोरगा
फ्लोअर प्रेसपण घाला की यादीत. घरी एकटी असाल तर बेंचवर झोपून बार छातीवर घेऊ नका, अडकला तर काढणार कोण? जमिनीवर झोपून केलं की कोपर फरशीला टेकतं, बार तिथंच थांबतो.

*

धागा काढणारी (अडीच महिन्यांनी)

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितेय त्याबद्दल रागवू नका. मधे आईकडं निपाणीला फेऱ्या चालू होत्या.

दोन महिन्यांचे २४०० भरले, सकाळी ६ ची बॅच. पहिला आठवडा लाजेत गेला. मग कळलं की पोरं आरशात स्वतःकडं बघण्यातच गुंग असतात, आपल्याकडं बघायला वेळ कुणाला आहे? ट्रेनरला कॅम्पातल्या ताईंचा प्रतिसादच वाचून दाखवला. दोन ठिकाणी थांबवून पुन्हा वाचायला लावला, मग म्हणाला, "हंगादरे सरी, मॅडम." म्हणजे, असं असेल तर ठीक. गुलाबी डंबेल्स परत मांडणीवर गेली. जमिनीवरनं उचलायला ८ किलोच्या बारपासनं सुरू केलं, आता ३० ला आहे. पाठ अजून धरलेली नाही. पहिल्या पंधरा दिवसांत मांड्या मात्र अशा धरल्या की काउंटरच्या स्टुलावर बसताना शेजारचीला ऐकू जाईल इतकी कण्हत होते.

महिना संपला आणि गेटचा वैताग आला, तेव्हा मागाची खोली आवरायला घेतली. सासूबाईंनी पोती हलवू दिली, ट्रंका नाही. राहू देत. गल्लीतल्या दोघीजणी मंगळवार-शुक्रवार येतात, एक शिवणकाम करणारी आणि एक शाळेतली बाई. लाल मातीवाल्या काकांचं वस्तादपद सासूबाईंनी आपणहून घेतलंय. दारात खुर्ची टाकून बसतात आणि जी आली नाही तिच्या घरी फोन लावतात. जिमचा दुसरा महिनाही पुरा केला. घरी शंका आली की सकाळी जाऊन ट्रेनरला दाखवून यायचं, असं चाललं होतं. आता महिन्यातनं एखादा दिवस तो पैसे घेऊन बघून देतो म्हणालाय. डेक्सा वर्षानं पुन्हा आहे, त्यामुळं हाडांचं आत्ता काही सांगता येत नाही.

उद्यमबागकर, तुमच्यासाठी प्रश्न. प्लेटा आल्या. आमच्या काउंटरचा काटा सोनं तोलायचा, त्यावर काय मावतंय, म्हणून किराणावाल्याकडं नेऊन तोलल्या. पाच किलोची म्हणून ओतलेली एक ५ किलो २६० भरली, दुसरी ४ किलो ९००. नवरा म्हणतो मोल्डचा दोष, लेथचा नाही. एकीकडं जास्त राहिलं तर चालतंय, की कमी करायचं? आणि कसं?

उद्यमबागकर
कमी करा. २० मिमी जाड प्लेटला २० मिमीचं आरपार भोक पाडलं की ४५ ग्रॅम जातंय. भारी प्लेटला आठ भोकं, समोरासमोर. दोन्ही ४.९ होतील, पाचाच्या म्हणूनच वापरा. आणि साहेबांना सांगा, दोष लेथचा नसतोच कधी.