गिटहबवर १०० एमबीच्या वर फाइल जाईना, टूल लोकांना द्यायचं कसं?

जकार्डवाला_पोरगा
नमस्कार मंडळी, चादर-टॉवेलच्या जकार्ड डिझाइनसाठी पायथनमध्ये एक छोटं टूल बनवलंय, इमेज टाकली की रंग कमी करून हुकांच्या (मागावर ताण्याचे धागे उचलतात ते) हिशोबात ग्राफ काढून देतंय. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले दोघं-तिघं डिझायनर मागायलेत, म्हणलं ओपन सोर्सच करून टाकू, छोट्या कारखान्याला पेड सॉफ्टवेअर कुठं परवडतंय. पण पायइन्स्टॉलरनं (पायथन कोडची थेट चालणारी फाइल करणारं टूल) काढलेली ईएक्सई झाली ३४० एमबीची आणि गिटहबवर पुश मारलं (वर पाठवलं) की १०० एमबीची लिमिट म्हणून रिजेक्ट. फाइल डिलीट करून परत कमिट (बदलांची नोंद) केलं तरी तोच एरर, फाइलच नाही तर एरर कशाचा बे? ब्राउझरमधनं टाकायला गेलो तर तिथं २५ एमबीच्या वर घेतच नाही. ७-झिपने ९० एमबीचे तुकडे करून टाकू का?

टर्मिनल_काका
तुकडे अजिबात करू नकोस. रेपो (गिटहबवरचं प्रोजेक्टचं फोल्डर) क्लोन करणारा, म्हणजे उतरवून घेणारा प्रत्येक जण ते तुकडे ओढत बसणार, आणि नवीन व्हर्जन काढलंस की जुने तिथंच राहून वर नवे चढणार.
डिलीट केलंस ते पुढच्या कमिटमध्ये, आधीच्या कमिटमध्ये फाइल आहेच की, पुश करताना सगळी हिस्टरी जाते. ते कमिट अजून वर गेलेले नाहीत ना, मग 'गिट रिसेट --सॉफ्ट ओरिजिन/मेन' मार, ईएक्सई स्टेजमधनं काढ, डिस्ट आणि बिल्ड फोल्डर गिटइग्नोरमध्ये (गिटनं सोडायच्या फाइलींची यादी) टाक आणि नव्यानं कमिट कर. मेन ब्रँच वर आधीपासून असेल तरच हे चालतं.
ईएक्सईची जागा रिलीजमध्ये. रेपोच्या पानावर उजवीकडं रिलीजेस दिसतंय बघ, टॅग (व्हर्जनचं नाव) देऊन तिथं जोड, एका फाइलला २ जीबीपर्यंत चालतं.

सात_रस्ता_९९
एलएफएस (गिटची मोठ्या फाइली वेगळ्या ठेवायची सोय) वापर की सरळ

टर्मिनल_काका
एलएफएसला स्टोरेज आणि बँडविड्थचा कोटा असतो, लोकांनी डाउनलोड केलं की तो खर्च होतो. ज्या मोठ्या फाइली सोर्सचाच भाग आहेत त्यांच्यासाठी ठीक. तयार ईएक्सईला कशाला?

पार्क_चौक_पायथन
मला तर ३४० एमबीच खटकायलंय. मशीनवर सगळं एकाच पायथनमध्ये इन्स्टॉल केलंयस का? नवीन व्हेन्व (प्रोजेक्टपुरतं वेगळं, कोरं पायथन) कर, लागतात तेवढीच पॅकेजेस टाक आणि त्यातनं बिल्ड काढ, नाहीतर कुठलं तरी पॅकेज टॉर्च नाहीतर सायपायसारखं जड पॅकेज मागं ओढत आणतं. ओपनसीव्ही फक्त रंग कमी करायला घेतला असशील तर पिलो या इमेजच्या पॅकेजमध्ये रंग कमी करणारं क्वांटाइझ आहे, तेवढ्यात भागतंय.
आणि टूलची विंडो पायक्यूटीत (विंडो-बटणं करायचं पॅकेज) केलीय का? ते फुकटात जीपीएल या ओपन सोर्स लायसन्सखाली मिळतं, ईएक्सई वाटलीस तर तुझा कोडही जीपीएलखाली खुला ठेवावा लागतो. तू तसंही ओपनच करतोयस म्हणा, पण लायसन्स फाइल टाक, ती नसेल तर कोड नुसता दिसतो, वापरायची परवानगी कुणालाच मिळत नाही.

जकार्डवाला_पोरगा
काका, रिसेट मारलं, गेलं पुश! रिलीज पण झालं. व्हेन्वचं रात्री बघतो. सॅम्पल डिझाइनच्या बीएमपी पण मोठ्या आहेत, त्या जेपीजी करून रेपोत टाकू का?

ताणा_बाणा
जेपीजी नको रे बाबा! मी डिझाइनिंगच करतोय. जेपीजीत रंगांच्या कडेला मधलेच रंग तयार होतात, ४ रंगांची चादर असती आणि फाइलीत शेकडो रंग निघतात, मग ग्राफमध्ये एक-एक ठिपका हातानं साफ करत बसा. पीएनजी कर, इंडेक्स कलरमध्ये (ठराविक रंगांच्या यादीतनं). २४०० बाय ४००० ची २४ बिट बीएमपी जवळपास २९ एमबी होती, सपाट रंगांची असली तर पीएनजीत बऱ्याचदा एक एमबीच्याही खाली येती आणि एक पिक्सेल हलत नाही.
ते जाऊ दे, ही सॅम्पल कुणाची आहेत? एखाद्या कारखान्याची चालू डिझाइनं असतील तर मालकाला विचारल्याशिवाय टाकू नकोस, कोड तुझा आहे, डिझाइन त्यांचं. एखादा मोर, एखादी वेल स्वतः काढ आणि तीच ठेव.

पार्क_चौक_पायथन
आणि रिलीजच्या खाली एसएचए-२५६ (फाइलीचा ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) लिही. आपल्याकडं लिंक कोण उघडतंय, फाइल व्हॉट्सअ‍ॅपनं आणि पेनड्राइव्हनंच फिरणार, निदान ज्याला तपासायचीय त्याला तपासता तरी येईल. जीमेलच्या भानगडीत पडू नकोस, ईएक्सई ते झिपमधली पण अडवतंय.