गूगल ड्राइव्हचं लिनक्ससाठी अधिकृत अ‍ॅप यायलाच हवं

टर्मिनलवाला: फायली ऑनलाइन ठेवायचं ड्राइव्ह २०१२ ला आलं, विंडोज आणि मॅकला तेव्हापासून अ‍ॅप आहे, त्यांच्यासारखीच ऑपरेटिंग सिस्टिम असलेल्या लिनक्सला आजतागायत नाही. बरं, कंपनीला लिनक्सचं वावडं आहे म्हणावं तर क्रोमओएस आणि अँड्रॉइड दोन्ही लिनक्स कर्नलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर), त्यांच्या इंजिनियर लोकांना डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारावरून बनवलेलं जीलिनक्स दिलंय. क्रोमचं डेब आणि आरपीएम (लिनक्सवर अ‍ॅप टाकायच्या फायली) स्वतः देतात, मग ड्राइव्हलाच काय धाड भरलीय?

हिशोबी: सरळ हिशोब आहे हो. डेस्कटॉपवर लिनक्सवाले मूठभर, त्यात डिस्ट्रो म्हणजे लिनक्सचे प्रकार वेगळे, कोणी उबुंटू कोणी फेडोरा कोणी आर्च, स्क्रीनवर खिडक्या दाखवायची यंत्रणाही कोणाचं एक्स११ कोणाचं वेलँड, सपोर्टचे फोन कोण घेणार? मायक्रोसॉफ्टने मीटिंगचं अ‍ॅप टीम्स २०१९ च्या डिसेंबरात लिनक्सवर आणलं आणि २०२२ संपता संपता बंद करून वेब अ‍ॅप वापरा म्हणून सांगितलं. आणि ड्राइव्हशी फायलींची देवाणघेवाण करायला आरक्लोन आहे की फुकट.

टर्मिनलवाला: आरक्लोन मी रोज वापरतो, बनवणाऱ्यांना सलाम, पण सेटिंग करून बघा एकदा. त्यांचा सामायिक क्लायंट आयडी (गूगलला अ‍ॅपची ओळख पटवणारा) वापरला तर स्पीड मार खातो, म्हणून गूगलच्या क्लाउड कन्सोल या साइटवर जाऊन प्रोजेक्ट उघडा, ड्राइव्ह एपीआय (अ‍ॅपला ड्राइव्हशी बोलायची सोय) चालू करा, स्वतःचा आयडी बनवा. एवढं करून माउंट केलं, म्हणजे ड्राइव्ह फोल्डरसारखं जोडलं, की गूगल डॉक्सच्या फायली शून्य बाइटच्या दिसतात, नवीन माणसाला वाटणार डेटा गेला. माझ्या आईला मी उबुंटू टाकून दिलंय, तिला हे कसं सांगू?

खडूफळा: शिवाय दुसऱ्या कोणाच्या अ‍ॅपला परवानगी दिली म्हणजे अख्ख्या ड्राइव्हची किल्लीच दिली. शाळेच्या मार्कलिस्ट असतात त्यात, मला नाही बुवा धाडस होत.

हिशोबी: आणि कंपनीचं बंद सोर्सचं अ‍ॅप दिवसभर मागे चालू राहिलं तर चालतं? आरक्लोनचा कोड उघडा आहे, मला तोच जास्त भरवशाचा वाटतो. अधिकृत म्हणजे कायमचं असंही नाही, ड्राइव्हसारख्याच ड्रॉपबॉक्सने २०१८ ला लिनक्सवर ईएक्सटी४ सोडून बाकी फाइलसिस्टिमचा (डिस्कवर फायली ठेवायच्या पद्धतींचा) सपोर्ट काढलाच होता ना.

टर्मिनलवाला: काढला, लोकांनी ओरड केली आणि २०१९ ला झेडएफएस, बीटीआरएफएस परत आल्या, ओरड करायला समोर कोणीतरी होतं म्हणून. सगळ्या डिस्ट्रो सांभाळा असं कोण म्हणतंय? गेमचं अ‍ॅप स्टीम डेस्कटॉपवर अधिकृतपणे उबुंटू एलटीएसपुरतंच (जास्त वर्षं सपोर्ट असलेल्या आवृत्तीपुरतंच) आहे, आर्चवाले आपलं आपण जमवतात. ड्राइव्हचं तसंच एक डेब द्या, बाकीचं आम्ही बघून घेऊ.