मदत हवी आहे: नवऱ्याची बदली पूंछला झाली आहे, मुलीला घेऊन जावं का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मिस्टर सरकारी बँकेत आहेत. बढती मिळाली आणि तिच्या शेपटाला पूंछ आलं. जम्मू-काश्मीरमधलं, नियंत्रण रेषेवरचं. तीन आठवड्यांत हजर व्हायचंय, नकार दिला तर बढती गेली.

घरात दोन तट पडलेत. सासूबाई म्हणतात, त्याला जाऊ दे, तू आणि पोर सांगलीतच राहा. मला ते नको वाटतं. मागच्या बदलीत आम्ही दीड वर्ष वेगळे राहिलो, तर बाबा घरी आला की लेक माझ्या मागे लपायची. पण मे २०२५ मध्ये टीव्हीवर पूंछमधली फुटलेली घरं पाहिली, तीही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

मुलगी सात वर्षांची आहे, दुसरीत, आणि तिला बालदमा आहे. तिथं राहिलेल्या कुणी सांगाल का, रोजचं जगणं कसं असतं? शाळा, दवाखाना, फोन, घर. "जवान तिथं उभे आहेत म्हणून आपण..." छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. मला घर भाड्याने घ्यायचंय, भाषण नाही द्यायचंय.

घाटावरचा_भट

जाऊ नका. बढती पुन्हा मिळेल.

सिमकार्ड

फोनपुरतं सांगतो. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. निघायच्या आधीच दोघांची कार्डं पोस्टपेड करून घ्या. नाहीतर पठाणकोट सुटलं की फोन मुका, आणि इकडे सासूबाईंचा जीव टांगणीला.

डांबरवाला

ताई, २०१८ ते २०२२ मी पूंछमध्ये होतो, एका ठेकेदाराकडे रस्त्याच्या कामावर. जरा लांबण लागेल.

"सुरक्षित आहे का" याचं उत्तर तिथला माणूसही देत नाही. तो विचारतो, घर कुठं घेताय? समोरच्या डोंगरावरून दिसणारं की आडोशाचं? छत स्लॅबचं की पत्र्याचं? तळघर आहे का? तुम्हीही हेच विचारा. आमचे घरमालक दाखवायला आले तेव्हा त्यांनी आधी जिन्याखालची खोली दाखवली, मग स्वयंपाकघर. मला वाटलं अडगळीची खोली असेल. पुढं कळलं की गोळे पडायला लागले की माणूस आणि बाहेर यांच्यामध्ये दोन भिंती हव्यात, आणि खिडकीपासून लांब.

२००३ च्या शस्त्रसंधीनंतर काही वर्षं बरी गेली, मग ती झिजत गेली. २०२० साली तर सरकारी आकड्यानुसार पाच हजारांहून जास्त वेळा उल्लंघन झालं. तेव्हा रात्री जेवताना लांबून आवाज यायचा आणि मालकांचा नऊ वर्षांचा नातू भाकरी खाणं न थांबवता सांगायचा, "हा आपला गेला" किंवा "हा त्यांचा आला". आपली पोरं आवाजावरून गाडी ओळखतात ना, तसं. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही सैन्यांनी पुन्हा शस्त्रसंधी पाळायचं ठरवलं आणि खरोखर शांत झालं. लोकांनी घरांवर मजले चढवले, मोठाल्या काचा बसवल्या.

म्हणूनच मे २०२५ जास्त लागला. आधी मार बहुतेक रेषेलगतच्या गावांना बसायचा. बंकरही तिकडेच, जम्मू विभागाच्या सीमाभागासाठी १४,४६० मंजूर झाले होते. ७ मेला गोळे थेट शहरात पडले, आणि शहरात बंकर जवळपास नव्हतेच. लोक मिळेल त्या गाडीने सुरनकोट, जम्मूकडे निघाले. १० मेला थांबलं. हे सगळं मला जुन्या मालकांनी फोनवर सांगितलं. जिन्याखालच्या त्याच खोलीत अकरा माणसं होती.

हे वगळलं तर गाव साधं आहे. लोक पहाडी बोलतात, गुज्जर लोक गोजरी, हिंदी सगळ्यांना कळते. मक्याची रोटी, साग, राजमा. माणसं इतकी अगत्यशील की चहा नाकारणं हे वेगळं कौशल्य आहे, मला चार वर्षांत जमलं नाही. खेड्यात मात्र तारबंदीचा जाच असतो. काही गावं कुंपणाच्या पलीकडे पण आपल्याच हद्दीत आहेत. तिथं गेटवर ओळखपत्र दाखवून जायचं आणि गेट बंद व्हायच्या आत परतायचं, मग लग्न असो की मयत. एकदा मी अशा लग्नाला गेलो होतो. पंगत बसली आणि सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे.

लेकीला एकच गोष्ट घोटून शिकवा: रानात, ओढ्यात लोखंडाचं काहीही दिसलं तरी हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचं. न फुटलेले गोळे पडून असतात.

आणि खरं सांगू? चार वर्षांत मला गोळ्यांपेक्षा रस्त्याने जास्त घाबरवलं. जम्मूपासून अखनूर, राजौरी, भिंबर गली करत पूंछ म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, दिवस जातो. पावसात दरड, भिंबर गलीला धुकं. काश्मीरकडचा मुघल रोड बर्फात बंद. पूंछच्या वाटेवर रेल्वे जम्मूपर्यंतच, पुण्याहून झेलम एक्सप्रेस.

राजौरीकर_ताई

मी राजौरीत तीन वर्षं काढली, मुलाला दमा होता, म्हणून लिहितेय. कृष्णाकाठची, दमा गोळीबाराइतकाच गंभीरपणे घे. हिवाळ्यात घर बंद करून लाकडाची बुखारी, म्हणजे खोली गरम करायची शेगडी, पेटवतात. आमच्या पोराची पहिल्याच डिसेंबरात छाती भरली. भाड्याचं घर बघताना बुखारीचं धुराडं छतातून बाहेर जातं का ते बघ, आणि विजेवर भरवसा ठेवू नकोस. नेब्युलायझर बॅटरीवर चालणारा घे. पंप नेहमी दोन जास्तीचे. पूंछला जिल्हा रुग्णालय आहे, पण जास्त झालं तर राजौरीच्या मेडिकल कॉलेजला किंवा जम्मूला पाठवतात. मध्यरात्री घाटातून.

शाळेचं म्हणशील तर जम्मू विभागात काही शाळांना उन्हाळ्याची मोठी सुट्टी, काहींना हिवाळ्याची. तुमची कुठल्या गटात ते आधी विचार. आणि तणाव वाढला की शाळा बंद, ती कधी उघडेल ते कुणी सांगत नाही. मी दुसरीची आणि तिसरीची बालभारती बरोबर नेली होती, फार कामाला आली.

घाटावरचा_भट

डांबरवाला यांचा प्रतिसाद वाचून माझं मत थोडं डळमळलं. तरी नकोच.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. जिन्याखालच्या अकरा माणसांवर सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण बुखारीच्या धुरावर लगेच म्हणाल्या, "बघ, मी काय सांगत होते."

आत्ता असं ठरलंय: हे आधी एकटे जातील आणि घर बघतील. स्लॅब, आडोसा, धुराडं, जिन्याखालची जागा. हिवाळा त्यांनी तिकडे काढायचा, मग एप्रिलमध्ये मी आणि लेक पंधरा दिवस राहून येऊ, आणि त्यानंतर शाळेचं. सासूबाई म्हणतात, पंधरा दिवस मीपण येणार. त्यांचे गुडघे गेलेत. जम्मू ते पूंछ मध्ये एक रात्र थांबायचं झालं तर राजौरीत थांबावं की सुंदरबनीला? राजौरीकर ताई, तळमजल्यावर खोली आणि कमोड असलेलं एखादं ठिकाण आठवतंय का?