बाबांची 50 एमएम माझ्या कॅमेऱ्यावर 'झूम' का झाली?

उंबरठा: बाबांच्या निकॉन एफएम2 या फिल्म कॅमेऱ्याची 50 एमएम लेन्स मी माझ्या डिजिटल डी7200 ला लावली. घरच्या गणपतीचा फोटो बाबा दरवर्षी माजघराच्या उंबऱ्यावरून काढायचे. मखर, दोन्ही समया, अलीकडे कडेला बसलेली आजी, सगळं मावायचं. मी तिथेच उभा राहिलो तर समयाच कापल्या जातायत! मागे सरकावं तर ओटा. लेन्स बिघडली का?

क्लिकक्लिक: क्रॉप सेन्सर, म्हणजे फिल्मपेक्षा लहान. 50 गुणिले दीड, लेन्स 75 ची झाली. आकडा मोठा तितकं दृश्य अरुंद. विषय संपला.

जुना_रोलवाला: 'झाली' नाही हो, 50 ची 50 च आहे. लेन्स मागे एक गोल प्रतिमा टाकते. त्यातला 36 बाय 24 मिलिमीटरचा तुकडा फिल्म उचलायची, तुमचा सेन्सर 23.5 बाय 15.6 चाच उचलतो. कडेचं बाहेर सांडतं.

पटत नसेल तर बाबांचा 6 बाय 4 इंची प्रिंट काढा. कागदात 4 बाय 2.6 ची खिडकी कापून त्यावर मधोमध ठेवा. तुमचा आजचा फोटो दिसेल.

उंबऱ्यापासून मखर 10 फूट धरलं, तर तिथली 7.2 फूट रुंदी फिल्मवर यायची, तुमच्याकडे 4.7. तेवढंच मावायला सव्वापंधरा फुटांवर जावं लागेल. ओटा फोडून गेलात तरी बाबांचा फोटो यायचा नाही. जागा बदलली की अलीकडची आजी मखरापुढे लहान दिसणार. तो फरक अंतराचा, सेन्सरचा नव्हे.

उंबरठा: कापली खिडकी. हुबेहूब! समया अर्ध्या, आजी गायब. मग 35 एमएम डीएक्स, म्हणजे निकॉनची लहान सेन्सरसाठीची लेन्स, घेऊ का? पण ती 35 की 52?

जुना_रोलवाला: 35 च. डीएक्स लिहिलंय म्हणून आकडा आधीच गुणून दिलेला नसतो. दुकानातसुद्धा हा गोंधळ ऐकलाय. 10 फुटांवरून 6.7 फूट मिळतील, बाबांपेक्षा अर्धा फूट कमी. घरात 18-140 ची झूम लेन्स पडलीय का? 33 च्या आसपास ठेवून बघा आधी. पैसे कुठे पळून जात नाहीत.

उंबरठा: आहे की! मखर अजून उतरवलेलं नाही. आईला आजीच्या जागी बसवतो नि आजच काढतो.