सेटलची सिग्नल केबिन : जागा बदललेल्या वास्तूला वारसा म्हणावे का?

मूळ मांडणी

इंग्लंडमधील सेटल–कार्लाइल मार्गावर सेटल स्थानकासाठी मिडलँड रेल्वेने १८९१ साली उभारलेली लाकडी सिग्नल केबिन, म्हणजे जिथून सिग्नल आणि रूळ बदलण्याचे सांधे लिव्हर ओढून चालवले जात ती खोली, १९८४ साली बंद झाली. १९९७ साली ती मूळ जागेवरून उचलून स्थानकाजवळ आणली गेली आणि स्वयंसेवकांनी तिची डागडुजी करून आतले लिव्हर पुन्हा हलते केले. माझ्या मते हे काम सर्वथा योग्य आहे. १८८९ साली आयर्लंडमधील आर्मा येथील अपघातात सुमारे ८० माणसे दगावली आणि त्याच वर्षीच्या कायद्याने प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत (मार्गाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी) व इंटरलॉकिंग (सांधे आणि सिग्नल यांचे लिव्हर एकमेकांशी यंत्राने जखडणे) सक्तीचे करण्याची तरतूद झाली. सेटलची केबिन त्यानंतर दोनच वर्षांनी उभी राहिली. सांधा नीट बसून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर जागचा हलत नाही, ही गोष्ट वाचून कळते, पण पटते ती तो लिव्हर स्वतः ओढून पाहिल्यावरच.

प्रतिसाद १ (असहमत)

स्वयंसेवकांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे, तरीही मी सहमत नाही. केबिनची जागा कामाच्या गरजेने ठरत असे : सांधे, सायडिंग (मुख्य मार्गालगतचे बाजूचे रूळ) आणि गाडीच्या शेवटच्या डब्यावरचा दिवा तेथून दिसणे आवश्यक होते, कारण तो दिवा पाहूनच गाडी पूर्ण आली, मागे डबा सुटला नाही, याची खात्री केली जाई. ती जागा सुटली की खिडक्यांच्या मांडणीमागचे कारणच नाहीसे होते. शिवाय याच मार्गावर गार्सडेलच्या १९१० सालच्या केबिनमधून पुढेही अनेक दशके लिव्हर ओढूनच गाड्या सोडल्या गेल्या. अशा चालत्या केबिनींतील कामाची तपशीलवार नोंद करण्याला मी अधिक महत्त्व देईन.

प्रतिसाद २ (मूळ मांडणीशी सहमत)

नोंदी हव्यातच. मात्र चालत्या केबिनमध्ये बाहेरच्यांना मुक्त प्रवेश देता येत नाही आणि देऊही नये, कारण शेजारच्या केबिनकडून गाड्यांबद्दल येणारे घंटीचे संकेत ऐकणाऱ्या माणसाचे लक्ष विचलित होणे धोक्याचे असते. लाल लिव्हर गाडी थांबवणाऱ्या सिग्नलचा, पिवळा त्याची आधी सूचना देणाऱ्या सिग्नलचा, काळा सांध्याचा, निळा सांध्याच्या कुलपाचा, आणि घामाने पोलाद गंजू नये म्हणून लिव्हर धरायचा तो हातात फडके घेऊनच, हे सामान्य माणसाला शिकवणारी जागा सेवेतून निवृत्त झालेली केबिनच असू शकते. २०१३ साली इंग्लंडमध्ये २६ सिग्नल केबिनींना संरक्षित वास्तूंचा दर्जा मिळाला, पण अशा दर्जाने इमारत पाडली जाण्यापासून वाचते. लिव्हरांना तेल घालणारी माणसे त्यातून मिळत नाहीत.

प्रतिसाद १ कडून उत्तर

शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. जागेबद्दलचा आक्षेप मात्र कायम आहे. निदान मूळ जागी खूण करावी आणि तेथून काय दिसत असे याचा नकाशा केबिनमध्ये लावावा. तेवढ्याशिवाय या कामाला मी पूर्ण म्हणणार नाही.